भूल देण्याआधीचा प्रश्न

धायरीत मी ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्याच्या मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. पूर्वी त्या जागी त्यांचं ज्वारीचं रान होतं. आता तीन मजली घर उभं होतं आणि खाली दोन गाळे. बाई फटकळ होत्या, पण उगाच कुणावर आळ घालणाऱ्यातल्या नव्हत्या. एका रविवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेले, तर त्या पाण्याच्या टाकीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"तुझा भाव हितं काय वढतो, ठाव हाय का तुला?"

"सिगारेट असेल काकू. सांगते त्याला."

"सिगरेट न्हवं. मला वास कळतो. आमच्या चुलत सासऱ्याची चिलीम बघत मी ह्या घरात नांदले. गांजा हाय त्यो. घरात नातवंडं हायेत माझी. परत वास आला तर दोघांनीबी बोजा उचलायचा."

त्या 'दोघांनीबी'पाशी मी अडकले. ओढत होता तो आणि घर जाणार होतं माझं.

आम्ही वर्ध्याचे. मी पुण्यात आयटीत नोकरीला लागले. सॉफ्टवेअर तपासायचं, चुका शोधायच्या, आणि त्या ज्यांनी केल्या त्यांच्याशी गोड बोलायचं, हे माझं काम. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला लोणी काळभोरच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. दोन वर्षं हॉस्टेलला काढल्यावर त्याला तिथलं जेवण अचानक सोसेनासं झालं आणि तो माझ्याकडे राहायला आला. धायरीहून लोणी काळभोर काही जवळ नाही. पण बाबांनी त्याला जुनी मोटारसायकल पाठवून दिली आणि मला फोनवर सांगितलं, "तू आहेस न तिथं. लक्ष ठेव त्याच्यावर."

हे वाक्य मी तो जन्मल्यापासून ऐकत आले आहे. तो रांगत होता तेव्हाही तेच आणि त्याला मिशा फुटल्यावरही तेच. माझ्यावर कुणी लक्ष ठेवायचं, हा विषय आमच्या घरात कधी निघालेला मला आठवत नाही.

गच्चीवरून खाली आले तेव्हा साहेब गादीवर लोळत मोबाइल बघत होते. मी दारातच उभी राहिले.

"गांजा ओढतोस?"

त्यानं मान वर केली नाही. "कोण बोललं?"

"ओढतोस का?"

"चिल ना ताई. प्लांट आहे तो. केमिकल थोडीच आहे?"

"धोतराही प्लांटच आहे. खाऊन बघ."

"दोन तासांत उतरतो यार. बॉडी काढून टाकते सगळं. तू टेस्टर आहेस, डॉक्टर नाहीस."

मी सांगितलं की माझ्या घरात, जिन्यात, गच्चीत, कुठंही हे चालणार नाही. तो म्हणाला, "ओके, वॉर्डन." त्यानंतर गच्चीत खरंच वास आला नाही. त्यानं जागा बदलली, एवढाच त्याचा अर्थ. लोणीत त्याच्या मित्रांची एक भाड्याची खोली होती. तिथून परत यायचा तेव्हा डोळे लालसर, बोलणं संथ. एका बैठकीत चिवड्याचा डबा संपवायचा, कशालाही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साधं 'दूध आणलंस का' विचारलं तरी अंगावर यायचा. शनिवार-रविवारपुरतं होतं ते हळूहळू रोजचं झालं. मी बोलायचे, तो उलट बोलायचा. मग एकमेकांकडे न बघता जेवायचो. भांडी मी घासायचे.

घरी सांगायचं मी दोनदा ठरवलं. आई शाळेत शिकवते. तिला फोन केला की ती आधी विचारायची, "तो जेवतो का नीट?" जेवत होता, चांगलाच जेवत होता. पुढचं बोलणं राहूनच जायचं.

तो शेवटच्या वर्षाला होता. कॉलेजातूनच एका कंपनीत त्याची निवड झाली होती, परीक्षा संपल्या होत्या, फक्त रुजू व्हायचं बाकी होतं. त्या दिवसांत एका दुपारी मला ऑफिसात त्याच्या मित्राचा फोन आला. लोणीहून येताना सोलापूर रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, हा दुभाजकावर आदळला. दुसऱ्या कुणाला लागलं नव्हतं. त्याला हडपसरच्या एका हॉस्पिटलात नेलं होतं.

मी पोचले तेव्हा तो खाटेवर होता. गाल खरचटलेला, डावा हात झोळीत. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, धातूची पट्टी घालून स्क्रू मारायचे होते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी करून टाकू, पूर्ण भूल द्यावी लागेल, भूलतज्ज्ञ येऊन तपासतील. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, रात्रीच्या गाडीनं निघतो.

भूलतज्ज्ञ बाई पन्नाशीच्या होत्या. केस आखूड कापलेले, चष्मा साखळीला लावून गळ्यात. इकडचं तिकडचं बोलणं नाही. खाटेशेजारच्या मॉनिटरवर त्याची नाडी दिसत होती, त्याकडे त्यांनी दोनदा बघितलं. मग तोंड उघडायला लावलं, मान वाकवायला लावली, शेवटचं कधी खाल्लं ते विचारलं. दमा आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. तो सगळ्याला नाही म्हणत गेला.

"सिगारेट?"

"कधीतरी."

"दारू?"

"नाही."

"गांजा?"

"नाही."

माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं, थोडं अजिजीनं जरी बघितलं असतं, तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण तो छताकडे बघत, अगदी सहज, सवयीनं 'नाही' म्हणाला. तीच सवय, जिनं तो गेलं वर्षभर मला वेड्यात काढत होता.

"ओढतो," मी म्हणाले. "जवळजवळ रोज."

"ताई!"

"आजही ओढला असेल. मित्रांच्या खोलीवरूनच येत होता."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. "आज ओढलात?"

त्यानं झोळीची गाठ चाचपली.

"हे बघा, मी पोलीस नाही आणि तुमची आईही नाही. मला तुम्हाला झोपवायचंय आणि परत उठवायचंय. त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं असतं. आज ओढलात का?"

"दुपारी," तो म्हणाला. "पण उतरलाय. मी एकदम नॉर्मल आहे."

"तुम्ही असाल. तुमची नाडी नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते शांतपणे, वर्गात सांगावं तसं सांगितलं. मला ते जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं, कारण वर्षभर मी त्याला जे ओरडून सांगत होते त्यात हे काहीच नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

धूर छातीत गेला की फुप्फुसातून क्षणात रक्तात उतरतो, त्या म्हणाल्या. रक्तातून थेट मेंदूत. हातातली कांडी संपायच्या आतच माल डोक्यात पोचलेला असतो. तेव्हाच हृदय जोरात पळायला लागतं. दोन-तीन तासांनी नशा ओसरते, आणि माणसाला वाटतं की गेलं सगळं शरीराबाहेर. ते गेलेलं नसतं. ते पाण्यात विरघळणारं नाही, तेलकट आहे. रक्तातून निघतं आणि चरबीत जाऊन मुरतं. तिथून थोडं थोडं परत रक्तात झिरपतं. यकृत त्याचं रूप बदलत राहतं. पहिल्यांदा बदलतं तेव्हाही नशा आणणारंच रूप असतं, मग आणखी बदललं की ते निकामी होतं. ते निकामी झालेलं पुढं शौचावाटे बरंचसं, आणि लघवीवाटे थोडं, असं सावकाश बाहेर पडतं. एखाद्या वेळी ओढणाऱ्याचं काही दिवसांत आटोपतं. रोज ओढणाऱ्याच्या अंगात भर पडतच राहते. त्याला आठवडे लागतात.

"रोजच्याला भूल जास्त लागू शकते," त्या म्हणाल्या. "मी नेहमीच्या हिशेबानं दिली आणि ती कमी पडली, तर काय होईल ते तुम्हीच विचार करा. शिवाय श्वासनलिका धुरानं चिडलेली असते, नळी घालताना आवळते. आणि आज ओढलंय म्हणजे हृदयावर आधीच ताण. हाड काही पळून जात नाही. उद्या करू."

"मॅडम, दोन तासांत उतरतो असं सगळे..."

"सगळ्यांना मी भूल देत नाहीये. तुम्हाला देतेय."

एवढं बोलून त्या गेल्या. पडदा सरकवल्याचा आवाज झाला, आणि भाऊ माझ्याकडे वळला. खांदा हलल्यामुळं त्याचा चेहरा वेदनेनं पिळवटला होता, तरी त्यातून राग स्पष्ट दिसत होता.

"मजा आली?"

"मेला असतास."

"मेलो असतो तर तुझी कटकट गेली असती."

"हो," मी म्हणाले. "गेली असती."

हे मी बोलले. आजही मला त्याचं फार वाईट वाटत नाही. त्या संध्याकाळी माझ्या मनात माया शोधायला कुणी कंदील घेऊन आलं असतं तरी सापडली नसती.

बाबा सकाळी पोचले. एसटी डेपोत आयुष्य गेलेला माणूस, रात्रभर रेल्वेत बसून आलेला, तरी शर्टाची घडी मोडलेली नव्हती. मी खालून चहा घेऊन वर आले तेव्हा ते त्याच्या खाटेशी बसले होते. मला बघून उठले.

"का वं, काल काहून नाही झालं ऑपरेशन?"

मी भावाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

"हा म्हणते तू डॉक्टरीणबाईशी वाद घातला. त्या चिडून निघून गेल्या. पोरगं रात्रभर तसंच तळमळून राहिलं. तुले कोणी सांगितलं होतं शहाणपणा कराले? पुण्यात राहून लई शिकली काय?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. चहाचे कप मी खिडकीत ठेवले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं, तरी मी आवाज खाली आणला नाही.

"बाबा, हा गांजा ओढतो. रोज. काल दुपारीही ओढला होता. म्हणून त्यांनी भूल दिली नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्याच्याकडे. "काय म्हणून राहिली हे?"

"कधीतरी," भाऊ भिंतीला म्हणाला. "सगळेच पोरं करतात."

मला वाटलं, आता बाबा त्याला बोलतील. निदान गप्प बसतील. बाबा माझ्याच दिशेनं एक पाऊल आले.

"आणि तू काय करून राहिली होती? तुझ्या भरोशावर पाठवला होता न मी त्याले?"

आजोबांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. मी जिन्यात जाऊन बसले. रडले नाही. खाली एक बाई नातेवाइकांसाठी आणलेला डबा उघडून कोशिंबीर नासली का ते हुंगून बघत होती. मी तिच्याकडे बघत बसले.

दुपारी ऑपरेशन नीट झालं. भूलतज्ज्ञ बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "औषध नेहमीपेक्षा बरंच जास्त लागलं. माहीत होतं म्हणून तयारीत होते." बाबांनी त्यांना विचारलं, "मॅडम, हे अंगातून कधी जाईल पूर्ण?" त्या म्हणाल्या, "परत ओढला नाही तर काही आठवड्यांत जाईल. ओढला तर कसं जाईल?" आणि मला म्हणाल्या, "दुखणं जास्त जाणवेल त्यांना. झोप येणार नाही, जेवणार नाहीत, चिडचिड करतील. ती सगळी हाडाची नसेल, गांजा बंद झाल्याचीही असेल. घरी तयारी ठेवा."

घर म्हणजे माझं. बाबांना कामावर परतायचं होतं, आईच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. एवढ्या लांब मोडका हात घेऊन प्रवास नको, असं फोनवर ठरलं. ठरवणाऱ्यांत मी नव्हते. बाबा निघताना रिक्षात बसता बसता म्हणाले, "आता तरी लक्ष ठेव."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात आणि आठवायला आवडत नाहीत. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. तो घामानं भिजून उठायचा, उशी बदलून द्यावी लागायची. चिवड्याचे डबे फस्त करणारा माणूस आता दोन घास खाऊन ताट सरकवायचा. गोळ्या वेळेआधी मागायचा, नाही दिल्या की शिव्या. शर्टाची बटणं मी लावायची, साबण मी लावायचा, पाठ मी पुसायची. 'थँक्यू' हा शब्द तो घरपोच जेवण आणून देणाऱ्याला म्हणायचा, मला नाही. मी घरूनच काम करत होते. एका मीटिंगमध्ये मी बोलत असताना तो आतून ओरडला, "ताई, चार्जर!" माझ्या मॅनेजरनं विचारलं, लहान मूल आहे का घरात? मी हो म्हणाले.

मालकीणबाई एकदा विचारपूस करायला खाली आल्या. दारातूनच त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आता कळंल. बहीण हाय म्हणून बरं, न्हाईतर रस्त्यावर पडला असतास." तो त्यांच्यासमोर हसला. त्या गेल्यावर मला म्हणाला, "तूच सांगत फिरतेस का सगळ्यांना?"

मग कंपनीचा मेल आला. रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी, त्यात लघवीचीही. मित्रांनी त्याला सांगितलं की त्यात अमली पदार्थही बघतात. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा घाबरलेला बघितला तो तेव्हा.

तो लिंबूपाणी प्यायला लागला. मग जिऱ्याचं पाणी, ताक, मेथीचं पाणी. तांब्यामागून तांबे पाणी. कुणीतरी सांगितलं की घाम काढला की निघून जातं, तर हाताला झोळी बांधून जिना चढ-उतर सुरू केली. मी लॅपटॉपमागून बघत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

"लिंबानं चरबीतलं निघत नाही," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"त्या बाई तुझ्यासमोरच बोलल्या. आणि मी वाचलंय नंतर. टेस्टमध्ये गांजा बघतच नाहीत. यकृतानं त्याचं शेवटी जे करून टाकलं असतं, ते बघतात. ते चरबीतून येईल तेव्हा येईल, यकृताच्या वेगानं. तू विहीर प्यायलास तरी लघवी पातळ होईल, एवढंच. आणि पातळ आली की ते परत मागतात."

"थँक्यू, मॅडम," तो म्हणाला आणि परत जिन्यात गेला.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. तो स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहिला. हातात मोबाइल नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"ताई, एक काम होतं."

"बोल."

"नाही म्हणू नकोस लगेच."

"बोल तर."

"तू तुझी देशील का?"

"काय माझी?"

त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. लहान बाटलीत. सकाळी जाण्याआधी. अंगाशी धरून ठेवली की गरम राहते, मित्रांना माहीत आहे कसं करायचं ते. झोळी आहेच, झोळीत कुणी हात घालत नाही.

मी लाटणं खाली ठेवलं. तव्यावरच्या पोळीला फोड आला, काळा झाला, धूर निघायला लागला. दोघांपैकी कुणी गॅस बंद केला नाही.

"माझी लघवी."

"त्यात काय एवढं? तू काहीच घेत नाहीस. साधी सुपारी खात नाहीस."

"आणि बाईची आहे असं कळलं तर?"

"ते नाही बघत."

"म्हणजे चौकशी करून आलायस."

"एकदाच, ताई. करिअरचा प्रश्न आहे."

"नाही."

"का?"

"माझी आहे म्हणून."

त्याचा चेहरा बदलला. विनवणी संपली की त्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला लहानपणापासून माहीत आहे. "तू माझं ऑपरेशन थांबवलंस," तो म्हणाला. "बाबांसमोर माझी पार इज्जत काढलीस. सगळ्या वॉर्डाला ऐकवलंस. एवढं तर तू मला देणं लागतेस."

"मी तुझं काही देणं लागत नाही."

"आईनं दिली असती."

"मग वर्ध्याला जा आणि तिच्याकडे माग. सांग तिला कशाला हवी आहे ते."

त्यानं दाराच्या चौकटीवर उजव्या हाताचा तळवा आपटला. हात मोडलेला असताना माणसानं असं करू नये. धक्का डाव्या खांद्यापर्यंत गेला आणि तो तिथंच खाली बसला, ओठ दाबून. मी गॅस बंद केला, काळी पोळी चिमट्यानं उचलून टाकली, आणि त्याला वेदनेची गोळी आणि पाणी दिलं. गोळी त्यानं घेतली. पाणी तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक मित्र गाडी घेऊन आला आणि तो लोणीच्या त्या खोलीवर गेला. बॅग मीच भरून दिली. जाताना मालकीणबाई गच्चीतून बघत होत्या. त्यानं त्यांना हात केला, मला नाही. मी खोलीच्या खिडक्या उघडल्या, त्याची गादी उन्हात टाकली आणि दुपारभर झोपले.

पुढचं मला आईकडून कळत गेलं. त्यानं कंपनीला कळवलं की हात बरा व्हायला वेळ आहे, रुजू व्हायची तारीख पुढं न्यावी. कंपनीनं नेली. तोवर एकेक करून त्याचे मित्र नोकऱ्यांना लागले, खोली सुटली आणि त्याला वर्ध्याला परतावं लागलं. तिथं आईच्या नजरेखाली तो उरलेले आठवडे राहिला. पुण्यात परत आला, तपासणी दिली, आणि एका सकाळी बाबांचा मला फोन आला. आवाज खूश होता.

"रिपोर्ट आला त्याचा. काहीच नाही निघालं."

"बरं झालं."

"काहीच नाही, म्हणजे सारं स्वच्छ. मग तू तवा एवढं काहून बोलली होती? रोज ओढते म्हणे. रोज ओढत असता तर निघालं नसतं काय?"

मी खिडकीशी उभी होते. खाली गाळ्यातला माणूस शटर वर ढकलत होता. मी बाबांना सांगायला लागले की ते छातीतून रक्तात जातं, रक्तातून चरबीत, तिथून यकृताकडे, आणि ओढणं थांबलं की काही आठवड्यांत सगळं निघून जातं. आता दिसणार नाही म्हणजे तेव्हा नव्हतं असं नाही. भूल देणाऱ्या बाईंनी तुमच्यासमोर...

"ते सारं मले नको सांगू," बाबा म्हणाले. "रिपोर्टात नाही म्हणजे नाही. पोराचं नाव खराब केलं तू उगाच. सख्खा भाऊ हाये तो तुझा."

मी फोन ठेवला. नंतर बरेच आठवडे बाबांचे फोन उचलले नाहीत. आईशी बोलायचे, तेही तिच्या गुडघ्यांबद्दल आणि माझ्या जेवणाबद्दल.

तो आता हिंजवडीकडे राहतो. एकाच शहरात असून आम्ही भेटत नाही. गेल्या दिवाळीत वर्ध्याला भेटलो. त्याचं वजन वाढलं होतं, कंपनीचं नाव छापलेला टीशर्ट घालून तो अंगणात आकाशकंदिलाची वायर जोडत होता. डावा हात अजून खांद्याच्या वर पुरता जात नव्हता. स्टूल हलत होतं म्हणून मी जाऊन ते धरलं.

"अजून ओढतोस?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"काही नाही."

त्यानं वायरला चिकटपट्टी गुंडाळली, दातांनी तोडली. "सोडलाय. आणि तुझ्यामुळं नाही, आधीच सांगतो."

"बरं."

"बाबांना पण सांग, सोडलाय म्हणून."

"तू सांग. ते तुझा रिपोर्ट धरून बसलेत."

तो स्टुलावरून उतरला आणि स्टूल उचलून आत घेऊन गेला. खरं बोलला की खोटं, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. पूर्वी यायचं. कंदील लागला होता, पण दिवसाउजेडी तो लागलाय की नाही ते बघायला मला मान उंच करून आत डोकावावं लागलं. स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, चकल्या तेलात सोडायला कुणीतरी हवं होतं.